पाळी थांबण्याच्या वयातील स्त्रिया आणि हृदयाची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळिशी ओलांडलेली बाई दवाखान्यात गेली की केसपेपरवर तिचे वय लिहिले जाते, वजन लिहिले जाते, अपत्ये किती हेही विचारले जाते. पाळी कधी थांबली आणि कशी थांबली, हे मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ सोडले तर सहसा कोणी विचारत नाही. हृदयाच्या तपासणीत या दोन उत्तरांना बीपीच्या आकड्याइतकेच महत्त्व आहे, आणि मराठवाड्यात तर ते थोडे अधिकच आहे. खालील प्रश्न गावोगावच्या शिबिरांत आणि बाह्यरुग्ण विभागाच्या बाकड्यांवर महिला स्वतः किंवा त्यांच्या घरची माणसे नेहमी विचारतात.

हृदयविकार तर पुरुषांना होतो. बायकांनी या तपासणीच्या मागे का लागावे?

ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणूनच ती इतकी टिकून आहे. स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो, हे ५२ देशांतील रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसले. त्याच अभ्यासात असेही दिसले की दक्षिण आशियातील लोकांना, म्हणजे आपल्यालाही, हा झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी गाठतो. जगभरात स्त्रियांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होतात, आणि स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे. त्यात आपल्याकडची आणखी एक रीत अशी की घरातल्या पुरुषाच्या छातीत दुखले तर लगेच गाडी काढली जाते, आणि बाईच्या छातीत दुखले तर आधी ओवा चावायला दिला जातो.

पाळी थांबल्यावर शरीरात नेमके काय बदलते?

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती थांबली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत हे सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास घडते. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास घडते. बीजांडकोशातून, म्हणजे ओव्हरीतून, तयार होणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन तोवर रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर लवचीक ठेवण्यास आणि वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, आटोक्यात ठेवण्यास हातभार लावत असते. ते कमी होऊ लागले की एलडीएल वाढते, मांड्या-नितंबांऐवजी चरबी पोटावर साठू लागते, आणि पुढे वरचे बीपीही चढू लागते. एलडीएलची ही वाढ वयाबरोबर सावकाश होते असे नाही. शेवटच्या पाळीच्या आधीच्या व नंतरच्या साधारण वर्षभरात ती ठळकपणे होते. त्यामुळे ४२ व्या वर्षी केलेल्या तपासणीचा 'सगळे नॉर्मल' असा कागद पन्नाशीत दाखवून उपयोग नसतो.

माझी पिशवी पस्तिशीतच काढली आहे. त्याचा हृदयाशी काय संबंध?

या भागात हा प्रश्न वारंवार विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये आरोग्य यंत्रणेने ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण केले, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. याच प्रश्नावर त्याच वर्षी विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि अशा शस्त्रक्रियांवर जिल्ह्यात देखरेखही आली. ही चर्चा बहुतेक वेळा शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती, एवढ्यावरच थांबली. या महिला आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या हृदयाचे पुढे काय, हा विषय मागेच राहिला.

'पिशवी काढली' या दोन शब्दांत दोन वेगळ्या शस्त्रक्रिया दडलेल्या असतात. एकीत फक्त गर्भाशय काढले जाते आणि बीजांडकोश जागेवर राहतात. पाळी बंद होते, पण इस्ट्रोजेन चालू राहते, जरी अशा स्त्रियांचे बीजांडकोशही इतरांपेक्षा काही वर्षे आधी थकतात असे दिसून आले आहे. दुसरीत दोन्ही बीजांडकोशही काढले जातात, आणि मग इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते. हे ४५ वर्षांच्या आत घडले असेल आणि त्यानंतर हार्मोन दिले गेले नसतील, तर हृदयविकाराचा धोका वाढतो. हाडेही लवकर ठिसूळ होतात. पाळी नैसर्गिकरीत्याच चाळिशीच्या आत थांबली असेल, तरीही धोका वाढतो. अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत लवकर पाळी थांबणे हा धोका वाढवणारा घटक म्हणून स्पष्टपणे नोंदवलेला आहे.

म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड शोधून काढावे आणि त्यावर बीजांडकोश, म्हणजेच 'ओव्हरी', ठेवले की काढले याची नोंद डॉक्टरांकडून वाचून घ्यावी. पुष्कळ महिलांना ते कधी सांगितलेलेच नसते. कार्ड हरवले असेल तर सोनोग्राफीत पाहता येते, आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच अंगातून वाफा निघू लागल्या होत्या का, ही आठवणही उपयोगी पडते. बीजांडकोश कमी वयात काढलेले असतील, तर वयाची चाळिशी पूर्ण होण्याची वाट न पाहता तपासणी सुरू करावी आणि हार्मोन उपचारांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे. अशा स्त्रियांत, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी थांबण्याच्या वयापर्यंत हार्मोन देणे योग्य मानले जाते.

पाळी अजून चालू आहे, पण पुढे-मागे होते. आत्ताच तपासणी करावी की पूर्ण थांबल्यावर?

आत्ताच करावी. बदल याच काळात सुरू होतात, आणि पहिले आकडे हाताशी असले की पुढची वाढ लक्षात येते.

तपासणी म्हणजे नेमके काय काय असते?

जे खरोखर गरजेचे आहे ते फार महाग नाही: बीपी, कंबरेचा घेर, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि नीट विचारलेली माहिती.

बीपी मोजताना होणाऱ्या चुका इतक्या सर्रास आहेत की त्यांबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे. शिबिरात रांगेत अर्धा तास उभी राहिलेली बाई खुर्चीवर टेकते न टेकते तोच तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला जातो. पोलक्याची घट्ट बाही वर सरकवलेली असते आणि तीच दंडाला करकचून आवळत असते; हात मांडीवर लोंबता असतो, आणि बाजूला बसलेल्या जावेशी बोलणे चालूच असते. अशा वेळी आलेला १६० चा आकडा पाच मिनिटे शांत बसवल्यावर, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, हात छातीच्या पातळीला टेबलावर घेऊन पुन्हा मोजला तर बराच खाली आलेला दिसतो. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मिश्री घेतलेली नसावी. बाही सैल नसेल तर दंड बाहीतून बाहेर काढावा. तेवढा आडोसा प्रत्येक शिबिरात असलाच पाहिजे. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही बीपी १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर तो उच्च रक्तदाब समजावा. घरच्या यंत्रावर १३५/८५ हीच मर्यादा धरतात. १८०/११० च्या पुढे आकडा आला तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कंबरेचा घेर निऱ्यांवरून मोजू नये. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, हलकासा श्वास सोडल्यावर, अंगाला लावून टेप धरावी. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक घेर हा इशारा मानला जातो, मग वजनकाट्यावर वजन कितीही कमी दिसो. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे सुटलेले, अशी अंगकाठी आपल्याकडे पुष्कळ दिसते आणि ती 'बारीकच तर आहे' म्हणून नजरेतून सुटते.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर ती मधुमेहाची पूर्वपायरी असते, १२६ किंवा अधिक पुन्हा आली तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीत ६.५ टक्के ही मधुमेहाची सीमा आहे. मधुमेह झालेल्या स्त्रीचे हृदय पाळी असतानाही सुरक्षित राहत नाही, आणि मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका जितक्या पटीने वाढतो ती पट स्त्रियांत पुरुषांपेक्षा मोठी असते. कोलेस्टेरॉलच्या तपासणीसाठी आता उपाशी राहण्याची सक्ती बहुतेकांना नसते. एलडीएल १०० च्या आत आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, १५० च्या आत असावे. एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, स्त्रियांत ५० च्या खाली गेले तर ते कमी मानतात. लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच घटकाची तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. ते आनुवंशिक असते आणि वारंवार बदलत नाही. जवळच्या नात्यात कमी वयात झटका आलेला असेल, तर ही तपासणी टाळू नये.

हे सगळे आकडे हाती आले की डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावरून पुढील दहा वर्षांतील धोका काढू शकतात. दक्षिण आशियासाठी वेगळा तक्ता आहे, आणि कोलेस्टेरॉलची सोय नसेल तिथे उंची-वजनावरून वापरता येणारा तक्ताही आहे. या तक्त्यात पाळी थांबण्याचे वय विचारलेले नाही. ते तुम्ही स्वतःहून सांगावे लागते.

वीस वर्षांपूर्वी बाळंतपणात बीपी वाढले होते. ते आता कशाला सांगायचे?

सांगायचेच. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिने जाणे, आकडी (फिट) येणे, त्या काळापुरती साखर वाढणे, दिवस भरण्याआधी बाळंत होणे, यांपैकी काहीही झाले असेल तर पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका अधिक राहतो. बाळंतपण सुखरूप पार पडले की ती फाइल माळ्यावर जाते. सासूबाईंना किंवा आईला तपासणीला नेणाऱ्या सुनांनी आणि लेकींनी हा एक प्रश्न त्यांना घरीच विचारून घ्यावा, कारण डॉक्टरांसमोर तो बहुतेकींना आठवत नाही.

ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. आता काळजी नाही ना?

ईसीजी त्या दहा सेकंदांत हृदयात काय चालले आहे एवढेच सांगतो. रक्तवाहिनीत अडथळा असतानाही विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी साफ नॉर्मल असू शकतो, आणि बीपी १७० असताना तर तो पुष्कळदा नॉर्मल असतोच. कोणताही त्रास नसलेल्या व धोका कमी असलेल्या बाईला ईसीजीने विशेष लाभ होत नाही. 'महिला दिन विशेष पॅकेज' मध्ये ईसीजी असतो पण शांतपणे दोनदा मोजलेले बीपी नसते, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

मग स्ट्रेस टेस्ट, टूडी इको किंवा सीटी स्कॅन करावे का?

सर्वांनी नाही. पट्ट्यावर चालवून केली जाणारी स्ट्रेस टेस्ट स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक वेळा खोटी 'पॉझिटिव्ह' येते, म्हणजे अडथळा नसताना आहे असे दाखवते. त्रास असेल तेव्हा तिचा अर्थ तज्ज्ञांनी लावावा. टूडी इको हृदयाची रचना, झडपा आणि पंपाची ताकद दाखवते, हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवत नाही. तरीही आपल्या भागात तिचे वेगळे महत्त्व आहे, कारण लहानपणच्या सांधेतापामुळे झडप आखडलेल्या स्त्रिया अजूनही सापडतात. चढावर किंवा पाणी शेंदताना दम लागतो म्हणून त्या येतात आणि स्टेथोस्कोपने ऐकल्यावर झडपेचा आवाज कळतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेले कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही अशी खरोखर शंका असेल तेव्हा, मध्यम धोक्याच्या स्त्रीसाठी उपयोगी ठरतो.

अचानक घाम फुटतो, छातीत धडधडते. हे पाळीमुळे की हृदयामुळे?

पाळीच्या वाफा बहुधा छातीपासून मान-चेहऱ्याकडे चढतात, काही मिनिटे राहतात आणि घाम येऊन ओसरतात. रात्री त्या झोपमोड करतात. श्रमाशी त्यांचा थेट संबंध नसतो. चालल्यावर किंवा जिना चढल्यावर येणारा आणि थांबल्यावर जाणारा त्रास, मग तो छातीत जडपणा असो, गळ्यात आवळल्यासारखे होणे असो किंवा दम लागणे असो, हृदयाचा समजून तपासावा. धडधडीमागे रक्तक्षय आणि थायरॉइड ही दोन कारणे वारंवार सापडतात, त्यामुळे हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी पाहिल्याशिवाय 'हे वयाचे आहे' असे म्हणून बाईला परत पाठवू नये. अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या मोकळ्या दिसूनही हृदयाच्या बारीक वाहिन्यांच्या बिघाडामुळे छातीत दुखू शकते, आणि असा प्रकार स्त्रियांत अधिक आढळतो. त्यांचे दुखणे मनाचे खेळ नसते.

झटका आला हे कसे ओळखावे, आणि खेड्यात असताना काय करावे?

स्त्रियांतही छातीत दुखणे किंवा दडपण येणे हेच सर्वांत नेहमीचे लक्षण आहे. त्याच्या जोडीला दम लागणे, मळमळ, दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीत कळ, जबडा किंवा हात भरून येणे, थंडगार घाम आणि न समजणारा थकवा ही लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक वेळा असतात. बायका स्वतः या त्रासाला 'जीव घाबरा होतोय' एवढेच म्हणतात. असा त्रास काही मिनिटांत थांबला नाही, किंवा त्यासोबत घाम आणि दम आला, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला चालवत नेऊ नये आणि मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून तर मुळीच नेऊ नये.

अँजिओप्लास्टीची, म्हणजे फुगा घालून बंद रक्तवाहिनी उघडण्याची, सोय शंभर किलोमीटरवर असेल, तर आधी ईसीजी निघू शकेल अशा जवळच्या रुग्णालयात पोहोचणे श्रेयस्कर असते. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच देऊन मग पुढे पाठवणे हीच मान्य पद्धत आहे. बीडमधील पाटोद्याच्या किंवा हिंगोलीतील औंढ्याच्या आतल्या गावातून थेट मोठ्या शहराकडे निघालेली गाडी रस्त्यातच तो मोलाचा वेळ संपवते.

मी विडी-सिगारेट ओढत नाही, फक्त मिश्री लावते. ती चालते ना?

मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटिन रक्तात जाते, नाडी आणि बीपी चढते. दिवसातून तीन-चारदा मिश्री लावणारी बाई 'व्यसन आहे का' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. म्हणून विचारणाऱ्याने 'मिश्री लावता का' असेच विचारावे. चुलीचा धूरही हृदयाला घातक आहे.

दिवसभर शेतात राबते. वेगळे चालायला हवे का?

निंदणी-वेचणी हे श्रमच आहेत आणि ते मोजले जातात. पण त्यामुळे वाढलेले बीपी किंवा साखर आपोआप उतरते असे नाही. शेत सुटून मुलाकडे शहरात राहायला आलेल्या महिलांनी मात्र आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे.

जेवणात काय बदलावे?

फारसे नाही, कारण ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि जवसाची किंवा कारळाची चटणी हे जेवण मुळातच चांगले आहे. करडईचे तेलही चांगले; तेल कोणते हे पाहण्यापेक्षा महिन्याला घरात किती लागते हे पाहावे. खरा प्रश्न मिठाचा आहे. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, यापेक्षा कमी मीठ असावे, आणि आपल्याकडे ठेचा, लोणचे, पापड आणि खारे शेंगदाणे मिळूनच ते संपते. एकादशीला, नवरात्रात साबुदाणा आणि तळण वाढते आणि 'आज उपवास आहे' म्हणून बीपीची गोळीही चुकते. बीपीची गोळी उपवासाला चालते. साखरेच्या गोळ्यांचे प्रमाण मात्र उपवासाआधी डॉक्टरांना विचारून ठरवावे.

हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर हृदय सुरक्षित राहील का?

एके काळी तसे मानले जात होते. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली एक मोठी चाचणी २००२ मध्ये मुदतीआधी थांबवण्यात आली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या अधिक आढळल्या. त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, हे पुढे लक्षात घेतले गेले. आजची भूमिका अशी की साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत, वाफांचा तीव्र त्रास असेल तर, तपासणी करून हार्मोन देता येतात. केवळ हृदय वाचवण्यासाठी ते देऊ नयेत. लवकर बीजांडकोश गेलेल्या स्त्रियांची गोष्ट वेगळी, ती वर आलीच आहे.

तपासणी मोफत कुठे होते?

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक अर्ज, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, आशाताई घरी येऊन भरतात. त्यात वय, तंबाखू, कंबरेचा घेर, श्रम आणि घरातील आजार यांना गुण असतात, आणि एकूण गुण चारपेक्षा अधिक झाले तर तपासणीस आधी बोलावले जाते. बीपी व साखर उपकेंद्रात, म्हणजेच आयुष्मान आरोग्य मंदिरात पाहतात. पुढील तपासण्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात, तसेच छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणि अंबाजोगाई, लातूर व नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत होतात. अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्यात परततो. मधल्या काळात गोळ्यांचे काय करायचे?

तपासणी निघण्याच्या महिनाभर आधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास करून घ्यावी, म्हणजे गोळी लागू पडते की नाही हे गावातच कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात 'तोडीला चाललो आहोत' असे स्पष्ट सांगून शक्य तितक्या अधिक दिवसांच्या गोळ्या मागाव्यात, आणि संपत आल्या की कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात जुना कागद दाखवून घ्याव्यात. त्यासाठी मुकादमाकडून अर्धा दिवस मागून घेणे भाग असते, आणि तो मिळावा यासाठी नवऱ्याने सोबत जावे. बरे वाटते म्हणून गोळी मधेच बंद करू नये, कारण बीपी वाढलेले असताना बहुतेकींना काहीच जाणवत नाही. कोपीत ओल आणि पाचट असते, म्हणून गोळ्या आणि कागद झाकणाच्या डब्यात ठेवावेत. त्या कागदावर बीपी, साखर आणि गोळ्यांची नावे यांच्याखाली आणखी एक ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्यावी: पाळी कोणत्या वर्षी थांबली, शस्त्रक्रियेने थांबली का, आणि बीजांडकोश आहेत की नाहीत.